आघातातून उपजलेले कण

कुंभाराच्या भट्टीतून निघालेली दोन मडकी एकमेकांवर आपटली तर त्यांच्या खापऱ्या होतात; आणि त्या खापऱ्या कितीही बारीक झाल्या, तरी सगळ्या वेचून तराजूत घातल्या असता त्यांचे वजन त्या दोन मडक्यांच्या वजनाइतकेच भरते, हा अनुभव इतका निरपवाद आहे की त्याला नियम म्हणून संबोधण्याचीही कोणाला कधी गरज भासली नाही. दोन मडकी आपटली, आणि ती तर धडधाकट राहिलीच, पण त्यांच्या जोडीने आणखी पाच मडकी, दोन पणत्या आणि एक रांजण त्या टकरीतून बाहेर पडला, असे कोणी शपथेवर सांगितले असते तर ती साक्ष कोणत्याही कचेरीत रुजू करून घेतली गेली नसती. तथापि, अणूच्या गाभ्यातील कण जेव्हा प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळतात तेव्हा नेमके हेच घडते, अशी साक्ष विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाने वारंवार नोंदविली आहे. आदळणारे कण फुटून त्यांचे तुकडे बाहेर पडतात असे नाही. आघातापूर्वी जे तेथे नव्हतेच, आदळणाऱ्या कणांच्या पोटात दडूनही बसलेले नव्हते, असे नवे कण त्या क्षणी जन्माला येतात, आणि त्यांचे वस्तुमान वेगाच्या ऊर्जेतून भरून निघते. ऊर्जा आणि वस्तुमान ही एकाच धनाची दोन नाणी आहेत, हे आइन्स्टाइनने १९०५ साली सिद्धांतरूपाने मांडले होते. परंतु त्या धनाची मोडतोड प्रत्यक्ष चालते कशी, हे माणसाच्या दृष्टीस पडायला आणखी सत्तावीस वर्षे जावी लागली.

या गोष्टीची पहिली प्रयोगशाळा माणसाने बांधलेली नव्हती. जिनिव्हाजवळच्या अजस्र यंत्रांची वर्णने आज वृत्तपत्रांतून सर्वांच्या परिचयाची झाली असल्यामुळे, कणांच्या टकरी म्हटल्या की आपल्या मनात यंत्रेच उभी राहतात. परंतु त्या विद्येची सुरुवातीची सारी पुंजी आकाशातून आली, आणि ती गोळा करणाऱ्यांपाशी काचेच्या नळ्या, फोटोच्या पट्ट्या, फुगे आणि सोशिकपणा यांखेरीज फारसे काही नव्हते. त्या काळाचा वृत्तान्त मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो, आणि त्याची काही महत्त्वाची पाने मुंबईत लिहिली गेली आहेत म्हणूनही तो मराठी वाचकांपुढे विस्ताराने यावा असे वाटते.

आरंभ १९१२ सालच्या ७ ऑगस्टचा. व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ त्या दिवशी बोहेमियातून हायड्रोजनच्या फुग्यात बसून ५,३५० मीटर उंचीपर्यंत गेला. हवेला विद्युत्‌वाहक बनविणारा जो सूक्ष्म किरणोत्सर्ग सर्वत्र आढळतो तो जमिनीतील खनिजांतून येतो, अशी त्या वेळची समजूत होती, आणि ती खरी असती तर वर जाताना तो कमी कमी व्हायला हवा होता. हेसच्या उपकरणांनी उलट ग्वाही दिली. काही उंचीनंतर किरणोत्सर्ग वाढू लागला आणि पाच हजार मीटरवर तो जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी अधिक भरला. किरण वरून, पृथ्वीच्या बाहेरून येत होते. त्यांना पुढे विश्वकिरण हे नाव पडले. ते किरण नसून मुख्यत्वे प्रोटॉन आहेत, अतिदूरच्या प्रदेशांतून प्रकाशाच्या वेगाच्या अगदी निकट वेगाने धावत येणारे कण आहेत, हे ठरायला आणखी जवळजवळ तीन दशके लागली.

ऊर्जेतून नवे कण उपजतात याचा पहिला निर्णायक पुरावा मिळाला तो कॅलिफोर्नियात. कार्ल अँडरसन हा तरुण संशोधक चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या बाष्पकोठीतून विश्वकिरणांची छायाचित्रे घेत होता. बाष्पकोठी म्हणजे संपृक्त बाष्पाने भरलेली एक पेटी. तिच्यातील हवा एकाएकी प्रसरण पावू दिली की ती थंड होते, आणि त्या क्षणी एखादा विद्युत्‌भारित कण तेथून गेलेला असला तर त्याच्या वाटेवर दवाचे थेंब जमून एक शुभ्र रेघ उमटते. २ ऑगस्ट १९३२ रोजी घेतलेल्या एका छायाचित्राकडे आपण क्षणभर बारकाईने पाहू. गोल चौकटीच्या मध्यातून शिशाची सहा मिलिमीटर जाडीची पट्टी आडवी गेली आहे. पट्टीच्या खाली एक बारीक रेघ आहे, किंचित वाकलेली. तीच रेघ पट्टीच्या वरच्या बाजूस पुन्हा दिसते, पण तेथे तिचा बाक अधिक आहे. शिशातून जाताना कणाची ऊर्जा खर्ची पडते, आणि ऊर्जा कमी झालेला कण चुंबकीय क्षेत्रात अधिक वाकतो; म्हणून हा कण खालून वर गेला हे निश्चित. खाली त्याची ऊर्जा ६ कोटी ३० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट होती, वर २ कोटी ३० लाख उरली. दिशा कळली की बाकाच्या बाजूवरून विद्युत्‌भार कळतो, आणि तो धन निघाला. प्रोटॉनचा भार धन असतो खरा; परंतु एवढ्या अल्प ऊर्जेचा प्रोटॉन काही मिलिमीटरांतच थांबला असता, आणि ही रेघ तर पाच सेंटिमीटरांहून लांब होती. ज्याची सर्व लक्षणे इलेक्ट्रॉनची, पण भार मात्र उलट, असा कण त्या काचेवर उमटला होता. त्याला पॉझिट्रॉन हे नाव मिळाले.

केंब्रिजमध्ये डिरॅकने केवळ समीकरणांच्या आधारे अशा कणाचे अस्तित्व आधीच सूचित केले होते. त्याच केंब्रिजमध्ये ब्लॅकेट आणि फ्लॉरेन्सहून आलेला ओक्यालिनी यांनी बाष्पकोठीच्या वर आणि खाली गायगर गणक बसविले, आणि दोन्ही गणकांतून एकदम इशारा आला तरच कोठी प्रसरण पावावी अशी योजना केली. त्यापूर्वी कण येईल या आशेवर अंदाजाने छायाचित्रे घ्यावी लागत आणि बहुतेक काचा कोऱ्या निघत. आता विश्वकिरण स्वतःच आपले छायाचित्र काढू लागला. १९३३ च्या आरंभी त्यांनी जी चित्रे प्रसिद्ध केली त्यांत एकेक रेघ नव्हती, तर एका बिंदूतून फुटलेल्या पिसाऱ्यासारखी अनेक रेघांची झुंबड होती. तिच्यातील निम्म्या एका बाजूस वाकलेल्या, निम्म्या दुसऱ्या बाजूस. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन जोडीजोडीने उपजत होते. कुंभाराच्या मडक्यांची साक्ष प्रथमच रुजू झाली.

या वातावरणात मुंबईचा एक पारशी तरुण केंब्रिजमध्ये वावरत होता. होमी जहांगीर भाभा १९२७ साली तेथे गेले ते यंत्रविद्या शिकण्यासाठी. परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे असा वडिलांचा आणि सर दोराबजी टाटांचा बेत होता. यंत्रविद्येची परीक्षा त्यांनी पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली आणि मग वडिलांच्या संमतीने गणित व भौतिकी यांकडे वळले. १९३५ साली त्यांनी एक प्रश्न हाती घेतला, जो दिसायला अगदी लहान होता: एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन एकमेकांजवळ आले आणि दोन कण दोन दिशांना निघून गेले, तर ते कण कोणते? ते मूळचेच असतील, केवळ एकमेकांच्या आकर्षणाने वाट वळलेले. किंवा मूळचे दोघे परस्परांत विलीन होऊन नष्ट झाले असतील आणि त्यांच्या ऊर्जेतून एक नवी जोडी त्याच क्षणी उपजली असेल. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. भाभांनी दाखविले की पुंजसिद्धांताप्रमाणे हे दोन्ही मार्ग एकत्रच हिशेबात धरले पाहिजेत, दोहोंचा परिणाम एकमेकांत मिसळतो, आणि तो कोणत्या दिशेला किती प्रमाणात दिसेल याचे नेमके सूत्र त्यांनी मांडले. १९३६ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात ते प्रसिद्ध झाले. त्या प्रक्रियेला आज जगभर भाभा विकिरण म्हणतात. त्या वेळी हा निबंध विद्वानांच्या दप्तरातला एक कागद होता. त्याचा उपयोग कोठे होणार आहे हे लेखकालाही ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

पिसाऱ्यांचे कोडे मात्र सर्वांपुढे होते. एकाच कणाच्या आघातातून दहा, वीस, शंभर कण एकदम कसे निघतात? नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून ब्रिस्टलला आश्रयास आलेले वाल्टर हाइटलर आणि भाभा या दोघांनी १९३७ साली त्याची उकल केली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन व ओपेनहायमर हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले. उकलीचे सौंदर्य असे की, तिच्यात कोणताही नवा सिद्धांत गृहीत धरावा लागत नाही. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना त्याला गचका बसतो, आणि आपली बरीचशी ऊर्जा तो एका प्रकाशकणाच्या रूपाने टाकून देतो. तो प्रकाशकण थोडा पुढे जाऊन दुसऱ्या अणुकेंद्राजवळ एका इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत रूपांतरित होतो. या जोडीतील प्रत्येकजण पुन्हा प्रकाशकण टाकतो, तो पुन्हा जोडी होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, अशी ही वंशवृद्धी चालते. परंतु मूळची ठेव एकच असल्यामुळे प्रत्येक पिढीत एकेका कणाच्या वाट्याला ती निम्मी निम्मी येत जाते, आणि अखेर अशी एक पिढी येते की तिच्यातील कणांपाशी नवी जोडी उत्पन्न करण्याइतकी ऊर्जाच राहत नाही. तेथे वाढ थांबते, आणि उरलेले कण आजूबाजूच्या अणूंना धक्के देत देत विझून जातात. एका पिढीचे अंतर शिशात अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून पिसारा शिशाच्या पट्टीखालीच फुलतो. हवेत तेच अंतर, समुद्रसपाटीजवळ, सुमारे तीनशे मीटर आहे. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या होत जाऊन शेवटच्या वारसाच्या हाती नांगर फिरण्याइतकीही पट्टी उरत नाही, हे ज्याने सातबाराच्या उताऱ्यावर पाहिले आहे त्याला भाभा-हाइटलर सिद्धांताचा गाभा समजावून सांगावा लागत नाही.

लवकरच, १९३८ च्या सुमारास, पियेर ओजे याने एकमेकांपासून दूर दूर ठेवलेल्या गणकांत एकाच क्षणी नोंदी होतात असे दाखविले. मध्ये शेकडो मीटरांचे अंतर, तरी इशारा एकाच वेळी. म्हणजे वरच्या हवेत झालेल्या एकाच आघाताची प्रजा, लाखोंच्या संख्येने, एखाद्या विस्तीर्ण वर्षावासारखी जमिनीवर उतरत होती. आणि त्या मूळ कणाची ऊर्जा हिशेबाने एकावर पंधरा शून्ये इतके इलेक्ट्रॉन व्होल्ट भरत होती. त्या काळच्या कोणत्याही यंत्राची मजल याच्या कोट्यंशापर्यंतही गेली नव्हती.

तथापि, एका गोष्टीचा उलगडा वाटणीच्या या सिद्धांताने होत नव्हता. विश्वकिरणांतील काही कण असे होते की ते पिसारा न फुलविता, एक मीटर जाडीच्या शिशातूनही सरळ निघून जात. १९३६-३७ मध्ये अँडरसन आणि नेडरमायर यांनी, आणि त्याच सुमारास इतरांनी, त्यांचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट असल्याचे दाखविले. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधला हा कण म्हणून त्याचे नाव मेसोट्रॉन ठेवण्याची टूम निघाली. भाभांनी १९३९ साली ‘नेचर’ या साप्ताहिकाला एक छोटे टिपण पाठवून हे नाव अशुद्ध असल्याचे सांगितले: मूळ ग्रीक शब्द मेसोस, म्हणजे मध्य, त्यात ट्र कोठून आला? मेसॉन हेच रूप शुद्ध. ग्रीक मेसोस आणि संस्कृत मध्य ही एकाच धातुकुळातील भावंडे आहेत हे लक्षात घेतले म्हणजे या दुरुस्तीत आपल्यालाही काही आपलेपणा वाटतो. नाव रूढ झाले. त्याच काळात भाभांनी आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली होती: हा कण अल्पायुषी आहे, त्यामुळे वेगवान कणाचे घड्याळ मंद चालते हे सापेक्षतेचे विधान त्याच्या आयुष्यावरून पडताळून पाहता येईल. हा कण, ज्याला आज म्यूऑन म्हणतात, सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या सुमारे दुप्पट काळच जगतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा साडेसहाशे मीटर जातो. तरी पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतात. आपण तळहात उताणा धरून बसलो तर दर सेकंदाला त्यांतील एखादा त्यातून पार होत असतो.

१९३९ च्या उन्हाळ्यात भाभा सुटीसाठी मुंबईला आले, आणि सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाल्यामुळे परतीची वाट बंद झाली. ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रामन यांच्या विभागात रुजू झाले आणि तेथे त्यांनी विश्वकिरणांसाठी एक छोटा विभाग उभारला. विषुववृत्ताजवळच्या भारतात पृथ्वीचे चुंबकत्व अल्प ऊर्जेच्या विश्वकिरणांना परतवून लावते आणि केवळ बलाढ्य तेवढेच आत येतात, यामुळे आपली भूमी या संशोधनाला अनुकूल आहे, हे त्यांनी हेरले होते. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन करण्याचा मसुदा मांडला. ट्रस्टने तो मान्य केला, मुंबई सरकारने हात दिला, आणि १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगलोरात सुरू होऊन त्याच डिसेंबरात मुंबईला पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात आली. हा बंगला भाभांच्या नात्यातल्यांचाच होता. पुढे १९४९ साली संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. आणि कुलाब्याच्या टोकाला, समुद्राच्या अगदी कडेला असलेल्या तिच्या आजच्या वास्तूचे उद्घाटन १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

यॉट क्लबच्या त्या दिवसांत संस्थेत दाखल झालेल्या संशोधकांत एक बंगाली महिला होत्या, आणि त्यांच्याविषयी सविस्तर लिहिल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही. बिभा चौधुरी यांचा जन्म १९१३ चा. कलकत्त्याला देवेंद्रमोहन बोस यांच्यासमवेत त्यांनी १९३८ पासून एक प्रयोग चालविला होता. बाष्पकोठी, चुंबक, गणक यांतले काहीच न घेता त्यांनी फोटोच्या साध्या काचपट्ट्या दार्जिलिंगला आणि बारा हजार फूट उंचीवरच्या संदकफूला नेऊन महिनोन्‌महिने काळोखात ठेवल्या. पट्टीवरच्या चांदीच्या क्षारांच्या लेपातून भारित कण गेला की प्रकाशाने व्हावा तसाच परिणाम त्याच्या वाटेवरील कणिकांवर होतो, आणि पट्टी धुतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांची एक ओळ दिसते. ठिपके किती दाट आहेत आणि ओळ किती वेळा डळमळली आहे, यावरून कणाचे वस्तुमान काढता येते. दोघांनी ते काढले, ते इलेक्ट्रॉनच्या दोनशे पटींच्या आसपास आले, आणि त्यांचे निबंध १९४० ते ४२ या काळात ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. अधिक खात्री करून घ्यायला अधिक संवेदनशील लेपाच्या पट्ट्या हव्या होत्या. युद्धामुळे त्या भारतात मिळू शकल्या नाहीत, आणि प्रयोग तेथेच थांबला.

युद्धानंतर ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल आणि त्याचे सहकारी लातेस व ओक्यालिनी यांच्या हाती सुधारलेल्या लेपाच्या पट्ट्या आल्या. त्यांनी त्या फ्रान्समधील पिक द्यू मिदी या शिखरावर आणि बोलिव्हियातील चाकाल्तायाच्या साडेपाच हजार मीटर उंचीवर ठेवल्या, आणि १९४७ साली त्यांत दोन मेसॉनांचा उलगडा झाला. एक ओळ येते, थकत जाते तसे तिचे ठिपके दाट होत जातात, आणि ती थांबते. थांबल्या जागेवरून दुसरी एक ओळ निघते, आणि प्रत्येक वेळी तिची लांबी सारखीच, सुमारे सहादशांश मिलिमीटर, भरते. पहिला कण पायॉन, त्याच्या मरणातून उपजलेला दुसरा म्यूऑन. लांबी दर वेळी सारखी भरते यावरून पायॉन मरताना दोनच वारस मागे ठेवतो, त्यांतील एक म्यूऑन आणि दुसरा अदृश्य, भाररहित, म्हणजे न्यूट्रिनो, हेही कळले. पॉवेलला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. बोस आणि चौधुरी यांच्या कामाचा निर्देश त्याने पुढे आपल्या ग्रंथात केला. पद्धत तीच, डोंगरावरच्या पट्ट्या तशाच, आणि उणीव काय ती लेपाच्या गुणाची. असे असता कलकत्त्याचे नाव इतिहासात तळटिपेत जावे, याची खंत आजही सलते. बिभा चौधुरी त्या दरम्यान मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्याकडे जाऊन हवेतील विस्तीर्ण वर्षावांवर डॉक्टरेट मिळवून आल्या, आणि १९४९ मध्ये टाटा संस्थेत आल्या. त्या संस्थेतील पहिल्या महिला संशोधक त्याच.

पायॉन सापडल्यावर आकाशातील आघाताचे संपूर्ण चित्र जुळून आले. दूरच्या प्रदेशातून आलेला प्रोटॉन पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर हवेतील नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळतो. त्या आघातात पायॉनांचा सडा पडतो: काही धन, काही ऋण, काही भाररहित. भाररहित पायॉन जवळजवळ तत्क्षणी दोन प्रकाशकणांत विरून जातो, आणि त्या प्रकाशकणांपासून भाभा आणि हाइटलर यांनी वर्णिलेली वंशवृद्धी सुरू होते. भारित पायॉन काही पुन्हा अणुकेंद्रांवर आदळतात, काही म्यूऑन आणि न्यूट्रिनो यांना जन्म देऊन संपतात. म्यूऑन खाली येऊन जमिनीत शिरतात. न्यूट्रिनो तर कशालाच अडत नाहीत. पृथ्वीच्या या टोकाला शिरून त्या टोकाला बाहेर पडावे इतके ते निःसंग आहेत.

हा मूळ आघात जवळून पाहायचा तर हवेच्या वरच जायला हवे, आणि म्हणून मुंबईच्या मंडळींनी फुगे हाती घेतले. बर्नार्ड पीटर्स आणि १९५५ मध्ये ब्रिस्टलहून आलेले एम. जी. के. मेनन यांच्या मार्गदर्शनाखाली पॉलिथिनचे प्रचंड फुगे येथेच तयार होऊ लागले. लेपाच्या जाड थप्प्या घेऊन ते पंचवीस-तीस किलोमीटर उंचीवर जात आणि दख्खनच्या पठारावर कोठेतरी उतरत. उतरलेली थप्पी धुऊन झाली की पुढचे काम फक्त डोळ्यांचे: सूक्ष्मदर्शकावर वाकून, दिवसच्या दिवस, थरामागून थर उलटीत, एखादा तारकेसारखा फुटलेला बिंदू शोधावयाचा. कणविज्ञानाची त्या वेळची सारी भरभराट अशा हजारो तासांच्या डोळेफोडीवर उभी होती.

पण याच दशकात आकाशाची मक्तेदारी संपली. बर्कलेच्या बेव्हाट्रॉन यंत्राने १९५५ साली प्रोटॉन तांब्यावर आदळवून प्रतिप्रोटॉन उत्पन्न केला. यंत्रात कण हवे तेव्हा, हव्या त्या ऊर्जेने, हवे तितके मिळतात. आकाशातला बलाढ्य पाहुणा केव्हा येईल हे कोणाच्याही हाती नसते. संशोधकांनी हळूहळू यंत्रांची वाट धरली हे क्रमप्राप्तच होते. मुंबईपाशी तसे यंत्र नव्हते. आणि तिने उलटी दिशा धरली, ती पाताळाची.

म्हैसूर राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातील अतिशय खोल खाणींपैकी होत्या. बी. व्ही. श्रीकंटन यांनी १९५१ च्या सुमारास तेथे निरनिराळ्या खोलींवर म्यूऑन मोजायला सुरुवात केली होती. खोली वाढेल तसे म्यूऑन विरळ होत गेले, आणि १९६० नंतर सर्वांत खोल स्तरावर उपकरणे मांडली तेव्हा आठवडे लोटले तरी नोंदवहीत शून्यच. सामान्य माणूस येथे प्रयोग फसला असे म्हणून सामान आवरता. या मंडळींना त्या शून्याची किंमत कळली. जेथे आकाशातला दुसरा कोणताही कण पोहोचत नाही अशा निःशब्द जागी जर एखादा म्यूऑन दिसला, तर तो न्यूट्रिनोने तेथल्याच खडकात आघात करून जन्माला घातलेला असणार. टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून चॅम्पियन रीफ खाणीत सुमारे साडेसात हजार फूट खोलीवर यंत्रणा उभारली. कण गेला की क्षणभर उजळणाऱ्या प्लास्टिकच्या दोन उभ्या भिंती, आणि त्यांच्या दरम्यान निऑनच्या नळ्यांच्या रांगा. भिंती उभ्या ठेवण्यात खुबी होती. वरून पाझरत आलेला एखाददुसरा म्यूऑन जवळजवळ उभाच येणार, कारण तिरक्या वाटेने त्याला कित्येक पट खडक ओलांडावा लागला असता. तेव्हा जो कण आडवा जाईल, एका भिंतीतून शिरून दुसरीतून निघेल, तोच न्यूट्रिनोचा वारस.

खाणीतल्या त्या उष्ण, दमट काळोखात माणसे पिंजऱ्यात बसून उतरत, छायाचित्रांच्या फिती काढीत, नव्या चढवीत आणि वर येत. बहुतेक फितींवर काहीच नसे. १९६५ साली त्यांतील काहींवर निऑनच्या ठिपक्यांची आडवी ओळ उमटली. ऑगस्ट १९६५ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या एका खाणीत हाच शोध घेणाऱ्या राइन्स यांच्या तुकडीचा निबंध त्याच महिन्यात बाहेर पडला. वातावरणातील टकरींतून उपजलेला न्यूट्रिनो माणसाला प्रथम दिसला तो असा, एकाच वेळी दोन खंडांतील दोन सोन्याच्या खाणींत. पाचच महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचे विमान माँ ब्लां पर्वतावर आदळून भाभांचा अंत झाला.

यंत्रांची कथा तेथून पुढे वेगाने गेली, आणि ती इतरत्र पुष्कळांनी लिहिली आहे. तिच्यातला एकच धागा मला उचलायचा आहे. धावता कण स्थिर कणावर आदळविला की त्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा सगळ्यांना पुढे ढकलण्यातच वाया जातो. दोघांना समोरासमोर धावत आणून भिडविले तर सारी ऊर्जा नव्या कणांच्या निर्मितीला उपलब्ध होते. इटलीत फ्रास्काटी येथे ब्रूनो टाउशेक याने १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकाच वर्तुळात उलटसुलट फिरविणारे पहिले छोटे यंत्र उभारले. जिनिव्हाजवळ जमिनीखाली १९८९ साली सुरू झालेले ‘लेप’ (LEP) हे त्याच जातीचे यंत्र; त्याचा परीघ सत्तावीस किलोमीटर होता, आणि त्यावरील एका प्रयोगात मुंबईची टाटा संस्थाही सहभागी होती. अशा यंत्रात किती टकरी झाल्या हे अचूक माहीत असल्याखेरीज कोणत्याही मोजमापाला अर्थ राहत नाही, आणि टकरी मोजायला प्रमाण हवे असते एखाद्या अशा प्रक्रियेचे, जिचे गणित पूर्णपणे पक्के आहे. ते प्रमाण म्हणजे १९३५ साली केंब्रिजमध्ये मांडलेला तो हिशेब: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांजवळ आले आणि दोन कण अगदी लहान कोनातून निघून गेले, मूळचे की नवे उपजलेले ते कोणी सांगू शकत नाही. तेथील शास्त्रज्ञ अशा घटनेला नुसते ‘भाभा’ म्हणतात. पहाऱ्यावर बसलेल्या माणसांपुढे संगणकाचा पडदा असे आणि त्यावर त्या तासात किती भाभा झाले त्याचा आकडा चढत जाई.

त्या आकड्याच्या आधारे लेपवरच्या मंडळींनी निसर्गात न्यूट्रिनोंच्या जाती किती, या प्रश्नाचे उत्तर काढले. उत्तर आले २.९८४. जाती पूर्णांकातच असू शकतात, म्हणजे तीन. पण तो किंचित कमीपणा संशोधकांच्या मनात राहिला होता. यंत्र बंद होऊन वीस वर्षे झाल्यावर, २०२० साली, भाभा विकिरणाचे गणित आणि त्यातील बारीक दुरुस्त्या पुन्हा अधिक काटेकोरपणे करून जुन्या नोंदींचा हिशेब नव्याने मांडण्यात आला. या वेळी उत्तर आले २.९९६.